ठाण्यासाठी, जाण्यासाठी आणि 'लुकिंग फॉरवर्ड टू'

लोकलच्या गर्दीत ज्यांना इअरफोन लावणं जमत नाही, किंवा ज्यांचा डेटा महिनाअखेरीला संपतो, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'तर' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, पण जरा थांबा. विषय आहे इंग्रजी व्याकरणातला एक नियम: प्रीपोझिशननंतर क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतं. 'विदाउट सेइंग', 'बिफोर गोइंग', 'इंटरेस्टेड इन लर्निंग'. या आयएनजीवाल्या रूपाला इंग्रजीत जेरंड म्हणतात. आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे मी क्लास घेणार नाही. हा नियम आला कुठून, मुंबईत तो कोणत्या पुस्तकांतून पोचला, आणि आपण मराठी माणसं नेमकी एकाच जागी का अडखळतो, एवढंच आज बघायचंय.

हा भाग का केला ते सांगते. घाटकोपरच्या एका मुलीची व्हॉइस नोट आली होती. मराठी माध्यमात शिकलेली, आता अंधेरीत नोकरी करते, नाव सांगू नका म्हणाली. तिने एका क्लायंटला मेल लिहिला आणि शेवटी टाकलं, 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी त्या ओळीचा स्क्रीनशॉट टाकला, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. ती म्हणाली, 'ताई, शाळेत आम्हाला शिकवलं होतं की टूच्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं. टू गो, टू ईट, टू मीट. मग माझं चुकलं कुठे? आता मी मेलचा शेवट लिहायलाच घाबरते. सगळे मेल नुसत्या थँक्सवर संपवते.'

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर साधारण हजार वर्षं जुनं आहे. तिथे जायच्या आधी मात्र एकदा मुलुंडच्या फलाटावर उभं राहू.

ठाणे आणि जाणे

मुलुंडच्या पुढचं स्टेशन ठाणे. आपण काय म्हणतो? ठाण्याला उतर. ठाण्याहून बस पकड. ठाण्यासाठी गाडी कुठल्या फलाटावर? 'ठाणे' या शब्दाला 'साठी', 'हून', 'पर्यंत' असं काही चिकटलं की त्याचं 'ठाण्या' होतं. शाळेत आपण याला सामान्यरूप म्हणायचो. गाणे, गाण्यासाठी. नाणे, नाण्याने. घसा कोरडा होईपर्यंत पाठ केलेलं असतं हे.

आता 'जाणे' घ्या. जाण्यासाठी, जाण्याऐवजी, जाण्यापूर्वी, जाण्यामुळे. बघा, 'ठाणे'चं जे झालं तेच 'जाणे'चं झालं. ठाण्यासाठी, जाण्यासाठी. एक गाव आहे आणि एक क्रिया आहे, पण 'साठी'च्या दारात दोघांना एकच कपडे घालावे लागतात, नामाचे.

'मी जातोऐवजी तू जा' असं कोणी म्हणतं का? तीन वर्षांचं पोरही म्हणणार नाही. 'ऐवजी', 'शिवाय', 'मुळे', 'साठी' ही मंडळी नामालाच चिकटतात, त्यामुळे क्रियापदाला तिथे यायचं असेल तर नाम होऊनच यावं लागतं. इंग्रजीचा जो नियम आपण घोकतो, तो हाच आहे. 'इन्स्टेड ऑफ गोइंग' म्हणजे जाण्याऐवजी. 'गो'चं 'गोइंग' होणं आणि 'जाणे'चं 'जाण्या' होणं ही एकाच कामाची दोन रूपं आहेत.

खरं तर मराठी इथे इंग्रजीपेक्षा एक पाऊल जास्त बारीक चालते. 'जाण्याआधी' आणि 'गेल्यानंतर' ही जोडी पाहा. क्रिया अजून व्हायची असेल तर आपण 'ण्या' वापरतो आणि होऊन गेली असेल तर 'ल्या'. इंग्रजीला दोन्हीकडे एकच रूप पुरतं: 'बिफोर गोइंग', 'आफ्टर गोइंग'. आणि 'न सांगता गेला' इथे तर आपण तिसराच, 'ता'चा मार्ग काढतो. इंग्रजी तिथेही 'विदाउट टेलिंग' म्हणून मोकळी. म्हणजे ज्या मुलाला मराठीतले हे तीन रस्ते न चुकता येतात, त्याला इंग्रजीचा एक रस्ता अवघड जायला नको.

तरी जातो. का जातो, ते कळायला आधी आपलं व्याकरण कसं लिहिलं गेलं ते पाहावं लागेल.

दादोबांनी घेतलेला साचा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मुंबई डोळ्यांपुढे आणा. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी, दोन स्तंभांत छापलेला असायचा. डावीकडून उजवीकडे नजर गेली की भाषा बदलली. २ फेब्रुवारी १८३५ला तिकडे कलकत्त्यात मेकॉलेने शिक्षणावरचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३६मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं. दादोबा मुंबईतच जन्मलेले, १८१४ साली. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा वय बावीसच्या आसपास. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वयाचे. पुढे लोकांनी त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हटलं.

गंमत अशी की या पाणिनींनी व्याकरणाची मांडणी करताना साचा मोठ्या प्रमाणात इंग्रजी व्याकरणाचा घेतला. आपल्याकडच्या जुन्या परंपरेत, यास्काच्या निरुक्तात, शब्दांचे चार वर्ग आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आपण शाळेत मात्र आठ जाती शिकलो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही यादी इंग्रजी पार्ट्स ऑफ स्पीचच्या शेजारी ठेवा, जोड्या आपोआप लागतात. प्रीपोझिशनच्या समोर कोण येतं? शब्दयोगी अव्यय.

इंग्रजी प्रीपोझिशन नामाच्या आधी उभं राहतं आणि आपलं शब्दयोगी नामाच्या पाठीला चिकटतं. जागा उलटी आहे, पण काम तेच. त्यामुळे जोडी बरोबर लागली. फक्त एक गोष्ट या जोडीत लपून राहिली. 'नामाच्या आधी प्रीपोझिशन, मागे शब्दयोगी' एवढं आपल्याला पाठ झालं, पण 'दोन्ही ठिकाणी क्रियापदाला नाम व्हावं लागतं' हे मराठीच्या तासाला एका प्रकरणात आलं आणि इंग्रजीच्या तासाला दुसऱ्या. दोन तासांच्या मध्ये घंटा वाजली, आणि दोन्ही धडे एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

जाता जाता एक नावाची गोष्ट. जेरंड हा शब्द लॅटिनमधून आलाय, तिथल्या 'गेरेरे' या क्रियापदावरून. अर्थ वाहणे, चालवणे, करणे. आणि आपल्याकडे क्रियापदापासून बनलेल्या अशा शब्दांना कृदन्त म्हणतात. त्यातला 'कृत्' हा 'कृ'वरून, म्हणजे करणे. एकमेकांना न विचारता दोन्ही परंपरांनी नाव ठेवताना 'करणे' हेच क्रियापद उचललं.

'टू' नावाचा जुना भाडेकरू

आता घाटकोपरच्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. 'टूच्या पुढे मूळ रूप' हे तिला कोणी खोटं शिकवलं का? नाही. अर्धं शिकवलं.

लोकलच्या डब्यात साखळीखालची पाटी आठवा. मराठीत 'गाडी थांबवण्यासाठी साखळी ओढा', इंग्रजीत 'टू स्टॉप ट्रेन पुल चेन'. मराठीत 'थांबवण्यासाठी', म्हणजे नाम झालेलं क्रियापद आणि मागे 'साठी'. इंग्रजीत 'टू स्टॉप', म्हणजे साधं मूळ रूप. मग इथे नियम कुठे गेला? 'टू' हे प्रीपोझिशन नाही का?

एकेकाळी होतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'पिणे'ला म्हणायचे 'ड्रिंकान', आणि 'प्यायला' म्हणायचं असेल तर 'टो ड्रिंकेन्ने'. शेवटचं 'एन्ने' नीट ऐका. तो होता विभक्तीचा प्रत्यय, क्रियापदाला नाम करून त्यावर चढवलेला. आपण 'खायला' म्हणतो त्यातला 'ला' जसा, अगदी तसा. 'ठाण्याला'तला 'ला' आणि 'खायला'तला 'ला' एकच, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणजे त्या काळचं इंग्रजी आपल्या नियमाप्रमाणेच चाललं होतं: आधी 'टो' हे प्रीपोझिशन, मागोमाग नाम झालेलं क्रियापद.

मग पुढच्या तीन-चारशे वर्षांत इंग्रजी शब्दांचे शेपटीकडचे प्रत्यय झिजत गेले. 'ड्रिंकेन्ने'चं नुसतं 'ड्रिंक' उरलं. अंगावरचा नामाचा कपडा गेला, पण समोरचा 'टो' तिथेच बसून राहिला, जुन्या चाळीतल्या पागडीच्या भाडेकरूसारखा. घरमालक बदलले, करार कोणाला आठवत नाही, पण खोली सोडायचं नाव नाही. हळूहळू तो प्रीपोझिशन राहिलाच नाही, क्रियापदाचं मूळ रूप ओळखायची नुसती खूण झाला. त्याच्यात 'साठी'चा अर्थ इतका कमी उरला की इंग्रज माणसं त्याच्या आधी आणखी एक 'फॉर' लावायला लागली: 'फॉर टू गो'. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लिखाणात हे सर्रास दिसतं. आज तुम्ही 'फॉर टू गो' लिहिलंत तर लाल शाई मिळेल, पण तेव्हा ते चांगलं इंग्रजी होतं.

आता पेच इथे आहे. हा 'टू' क्रियापदाच्या घरात खूण होऊन राहिला, पण त्याचा जुळा भाऊ बाहेर प्रीपोझिशन म्हणून धंदा करतच राहिला. 'टू बोरिवली', 'टू माय आई', 'फ्रॉम अंधेरी टू मुलुंड'. दोघांचा चेहरा तोच, उच्चार तोच, स्पेलिंग तेच. 'आय वॉन्ट टू मीट यू' यातला 'टू' म्हणजे खूण. 'लुकिंग फॉरवर्ड टू' यातला 'टू' म्हणजे खराखुरा प्रीपोझिशन, आणि त्याच्या दारात क्रियापदाला नाम व्हावं लागतं. म्हणून 'टू मीटिंग यू'.

आयएनजी आधी नामच होतं

दुसरीकडे आयएनजीचं काय चाललं होतं? जुन्या इंग्रजीत 'उंग' आणि 'इंग' हे प्रत्यय क्रियापदापासून नाम बनवायचे. 'लेओर्नुंग' म्हणजे शिकणं, विद्या. तेच आजचं 'लर्निंग'. आणि 'गाणारा', 'धावणारा' अशा विशेषणांसाठी वेगळा प्रत्यय होता, 'एंडे'. कालांतराने 'एंडे' वाटेत विरला आणि त्याचंही काम 'इंग'कडे आलं. म्हणून आज 'सिंगिंग' म्हणजे गाणंही आणि 'गाणारा' हे विशेषणही. एका प्रत्ययावर दोन नोकऱ्या आल्या, पण त्याची मूळ नोकरी नामाची. प्रीपोझिशननंतर तो येतो तो जुन्या नोकरीच्या हक्काने.

आणि ही गोष्ट उपनगरातल्या माणसाला वेगळी शिकवायची गरज नाही. 'बिल्डिंगच्या मीटिंगला पार्किंगवरून भांडण झालं.' हे मराठी वाक्य आहे, आणि त्यात तीन आयएनजी आहेत. तिन्हींना आपण विभक्ती नाहीतर शब्दयोगी चिकटवलं: च्या, ला, वरून. अंधेरीत 'शूटिंगसाठी रस्ता बंद', बोरिवलीत 'बुकिंगशिवाय प्रवेश नाही'. व्याकरणाचं पुस्तक न उघडता आपण ओळखलं की आयएनजी हे नाम आहे, म्हणून तर 'साठी' आणि 'शिवाय' त्याला बिनधास्त लावतो.

नियम पुस्तकात कधी आला

लोक असं बोलत होते शतकानुशतकं. पण 'असंच बोलावं' हे लिहून ठेवणारे नंतर आले. १७६२मध्ये रॉबर्ट लाउथ नावाच्या एका पाद्र्याने इंग्रजी व्याकरणाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. पुढे तो लंडनचा बिशप झाला. तळटीपांत त्याने भल्याभल्या लेखकांच्या चुका काढल्या, शेक्सपियरलाही सोडलं नाही. प्रीपोझिशननंतर येणारं आणि स्वतःचं कर्म घेणारं आयएनजी रूप म्हणजे लॅटिनमधल्या जेरंडसारखं, असं त्याने सांगितलं. शिवाय एक फतवा काढला: 'बाय सेंडिंग देम' चालेल, 'बाय द सेंडिंग ऑफ देम' चालेल, पण 'द' आणि 'ऑफ' यांपैकी एकच ठेवून मधलंच काहीतरी केलं तर चालणार नाही. त्याआधीचे लेखक ते मधलं काहीतरी खुशाल लिहीत होते.

१७९५मध्ये लिंडले मरे याने आपलं व्याकरण काढलं. हा मूळचा अमेरिकेतला वकील, इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ येऊन राहिलेला. लाउथचा बराच माल त्याने उचलला आणि शाळेच्या मुलांसाठी सोपा करून दिला. ते पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत प्रचंड खपलं, आणि कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातही इंग्रजी व्याकरणाचं तेच घराणं पोचलं.

आपल्या इकडची पुढची दोन नावं कदाचित घरातल्या मोठ्यांना आठवतील. पहिलं नेसफील्ड. हे गृहस्थ उत्तर हिंदुस्थानात शिक्षण खात्यात होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या व्याकरणमाला इथल्या शाळांत पसरल्या. दुसरं नाव तर अजून दुकानात मिळतं: रेन आणि मार्टिन. लाल कव्हरचं जाडजूड पुस्तक.

यातला रेन म्हणजे पी. सी. रेन. १९०३मध्ये भारतीय शिक्षण सेवेत आला, कराचीत शाळा चालवली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. १९१७मध्ये नोकरी सोडून गेला आणि १९२४मध्ये 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची साहस कादंबरी लिहून जगभर गाजला. हॉलिवूडने तिच्यावर सिनेमे काढले. आज कादंबरी फार थोड्यांना आठवते, आणि व्याकरण मात्र कोट्यवधी भारतीय मुलांच्या दप्तरात जाऊन आलं. हे व्याकरण मुंबईच्याच के. अँड जे. कूपर या प्रकाशनाने १९३०च्या दशकात बाजारात आणलं. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांवर हक्कदार म्हणून माणेकजी कूपर एज्युकेशन ट्रस्टचं नाव असतं, आणि याच नावाची शाळा आपल्या जुहूत आहे. म्हणजे अंधेरीच्या क्लासमध्ये बसून ज्या पुस्तकाला आपण विलायती समजून घाबरतो, त्याचा पत्ता रिक्षाच्या अंतरावर निघतो.

या पुस्तकात इन्फिनिटिव्ह, पार्टिसिपल आणि जेरंड ही प्रकरणं एकापाठोपाठ येतात. नियम स्पष्ट दिलाय, उदाहरणंही भरपूर. पण ते पुस्तक मराठी मुलाला 'हे म्हणजे तुझं जाण्यासाठी' असं सांगू शकत नाही. ते संपूर्ण देशासाठी लिहिलेलं, त्याला मराठी कुठून येणार?

'भेटायला' म्हणजे 'टू मीट'?

मराठीतून इंग्रजीकडे जाणारा पूल वेगळ्या पुस्तकाने बांधला: तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. लेखक दादोबा नव्हेत, त्याच आडनावाचे दुसरे तर्खडकर. छोटी छोटी मराठी वाक्यं, शेजारी शब्द, आणि त्यांचं इंग्रजी करायचं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणूस यावर इंग्रजी शिकला. कारकून झाला, मामलेदार झाला, वकील झाला. माझ्या मते मराठी माणसाने इंग्रजी शिकण्याच्या इतिहासात या पद्धतीएवढं काम दुसऱ्या कशानेच केलेलं नाही.

पण भाषांतराच्या सवयीचा एक दोष आहे. एकदा 'जायला म्हणजे टू गो', 'खायला म्हणजे टू ईट' अशी जोडी डोक्यात बसली, की 'यला' ऐकल्याबरोबर हात 'टू' लिहितो. आता आमच्या घाटकोपरच्या मैत्रिणीचं वाक्य मराठीत बोला: 'मी तुम्हाला भेटायला उत्सुक आहे.' 'भेटायला' आलं, म्हणून 'टू मीट' आलं. तिने नियम मोडलेला नाही. तिने एक नियम फार इमानदारीने पाळला, फक्त तो चुकीच्या दाराशी.

हीच गोष्ट आणखी काही जागी होते. 'पैसे द्यायचा आग्रह धरला' याचं 'इन्सिस्टेड टू पे' होतं. इंग्रजीला हवं असतं 'इन्सिस्टेड ऑन पेइंग'. 'मला लवकर उठायची सवय आहे' याचं 'आय ॲम यूज्ड टू गेट अप' होतं. हवं असतं 'यूज्ड टू गेटिंग अप'. आणि 'आय यूज्ड टू गेट अप' म्हणजे तिसरंच, 'पूर्वी उठायचो, आता नाही'. एका 'ॲम'ने माणूस आळशी ठरतो.

शाळेत इंग्रजी कधी सुरू होतं, यावर आपल्याकडे खूप भांडणं झालीत. स्वातंत्र्यानंतर काही काळ मुंबई राज्यात ते आठवीपासून होतं, पुढे पाचवीपासून झालं, आणि २०००मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून आलं. कितवीपासून, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण माझ्या दृष्टीने त्याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो म्हणजे, शिकवताना मुलाची मराठी वर्गाबाहेर चपलांच्या शेजारी ठेवायला लावायची का? 'जाण्याऐवजी' ज्याला येतं त्याला 'इन्स्टेड ऑफ गोइंग' दोन मिनिटांत समजतं, पण ती दोन मिनिटं कोणीतरी मराठीत बोलावं लागतं.

नियमही चालता असतो

आता ज्यांनी तो स्क्रीनशॉट टाकला त्यांच्यासाठी एक माहिती. ज्या जागी ती मुलगी अडखळली, त्या जागी खुद्द इंग्रजी गेली दोनशे वर्षं डळमळत आली आहे. 'ॲकस्टम्ड टू' घ्या. आज पुस्तक सांगतं 'ॲकस्टम्ड टू डुइंग'. पण जेन ऑस्टेनच्या काळात, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, चांगले इंग्रज लेखक 'ॲकस्टम्ड टू डू' असंच लिहीत होते. विसाव्या शतकात पारडं आयएनजीकडे झुकलं. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा बदल जुने-नवे मजकूर मोजून दाखवून दिलाय. तेव्हा तुमच्या पणजोबांच्या एखाद्या जुन्या अर्जात 'ॲकस्टम्ड टू रिसीव्ह' असं दिसलं, तर हसू नका. त्यांच्या काळचं बरोबर इंग्रजी आहे ते.

याचं कारण आपण पाहिलं. 'टू'चे दोन जुळे भाऊ. इंग्रजांनाही ते वेगळे ओळखायला वेळ लागला, आणि काही शब्दांपुढे कुठला भाऊ उभा आहे हे ठरायला शतकं गेली. मग सात-आठ वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलीला एका ओळीवरून मूर्ख ठरवायचं?

याचा अर्थ 'काहीही लिहा, चालतं' असा नाही. नोकरीच्या बाजारात आज 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' हेच चालतं, आणि दार उघडायचं असेल तर आजचीच किल्ली लागणार. सीप्झचं ऑफिस असो की मालाडचं कॉल सेंटर, तिथे समोरचा माणूस हजार वर्षांचा इतिहास विचारात घेऊन तुमचा मेल वाचत नाही. तेव्हा किल्ली घ्या. पण ती नसल्याची लाज घेऊ नका, ती जवळच्याच खिशात आहे.

खिशातली किल्ली

'टू' दिसला की त्याच्या पुढे 'दिवाळी' ठेवून बघा.

'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी.' बसलं. म्हणजे हा 'टू' प्रीपोझिशन आहे, त्याला नाम चालतं. मग क्रियापद आणायचं असेल तर आयएनजी लावूनच आणा: 'टू मीटिंग', 'टू वर्किंग', 'टू हिअरिंग फ्रॉम यू'.

'आय वॉन्ट टू दिवाळी.' नाही बसलं. म्हणजे हा जुना भाडेकरू, नुसती खूण. पुढे मूळ रूप: 'टू मीट', 'टू वर्क'.

'आय ॲम यूज्ड टू गर्दी.' बसलं, विरार लोकलवाल्यांना तर फारच छान बसलं. म्हणून 'यूज्ड टू स्टँडिंग'.

'टू' सोडून बाकी सगळे प्रीपोझिशन साधे आहेत. 'ऑफ', 'इन', 'विदाउट', 'बाय', 'आफ्टर', 'बिफोर' यांच्या पुढे एकच रस्ता, आयएनजी. शंका आली तर मराठीत बोलून बघा. 'ण्या', 'ल्या' किंवा 'न' लावून 'ता' ऐकू आला आणि त्याच्या जोडीला 'ऐवजी', 'शिवाय', 'नंतर' असं काही असलं, की इंग्रजीत बहुतेक वेळा आयएनजी तयार असतं. अपवाद 'साठी'चा, कारण तिथे साखळीच्या पाटीसारखा 'टू'ही येतो.

एक छोटं काम देते. आपल्या फोनमध्ये पाठवलेले शेवटचे दहा इंग्रजी मेल किंवा मेसेज उघडा, त्यातले सगळे 'टू' शोधा, आणि प्रत्येकापुढे दिवाळी ठेवून बघा. किती भाडेकरू निघाले आणि किती प्रीपोझिशन, ते मला व्हॉइस नोटमध्ये कळवा. मराठीत कळवलंत तरी चालेल, उलट मराठीतच कळवा.

पुढच्या भागात दादोबांच्याच काळात राहू: मराठीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम आले कसे, आणि ते येण्याआधी लोक वाक्य संपलं हे ओळखायचे कसे. तोपर्यंत लिहीत राहा, आणि मेल थँक्सवर संपवू नका. आणखी एक ओळ लिहा.